आवाज नेमका कुठे कमी करायचा?

रेकॉर्ड प्लेयरची सुई तबकडीच्या खाचेतून फिरते तेव्हा कार्ट्रिजमधून बाहेर पडणारी वीज फार थोडी असते. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल असेल तर बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतच. पॉवर ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीनं चालायचं तर त्याच्या तोंडाशी एक-दीड व्होल्ट यावा लागतो. म्हणजे मधे कुणीतरी हा सिग्नल काहीशे पट वाढवून द्यायला हवा. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर मुद्दाम उचललेले असतात. १९५४ मध्ये रूढ झालेल्या ‘आरआयएए’ वक्ररेषेप्रमाणे हा फेरफार होतो आणि वाजवताना तो बरोबर उलटा करावा लागतो. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वर, २० हजार हर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाली. प्रीॲम्प नावाच्या डब्याचं मूळ काम हे.

त्याला पुढे आणखी कामं चिकटली. ज्यांच्या घरी सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर होता त्यांना दर्शनी पट्टीवरची फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स ही नावं आठवत असतील. प्रत्येक यंत्राची वीज वेगळ्या पातळीची. त्यातलं हवं ते निवडायचं, सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, बास-ट्रेबल जुळवायचा, आवाज कमी-जास्त करायचा. इंग्लंडच्या क्वाड कंपनीनं १९६७ मध्ये बाजारात आणलेली ३३ आणि ३०३ ही जोडी पाहिली तर ही श्रमविभागणी डोळ्यांना दिसते. ३३ हा प्रीॲम्प, सगळ्या कळा आणि बटणं त्याच्यावर. ३०३ हा पॉवर ॲम्प, त्याच्या तोंडावर व्हॉल्यूमची कळच नाही. गंभीरपणे संगीत ऐकणाऱ्याकडे ‘प्री आणि पॉवर’ अशी जोडी असायची, हा समज त्या काळात पक्का झाला आणि त्या काळापुरता तो योग्यच होता.

ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेयर जपानमध्ये विक्रीला आला आणि या मांडणीचा पायाच बदलला. सीडी प्लेयरमधून पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट मिळावेत असा रिवाज पडला. तोच पुढे डॅकनं उचलला. डॅक म्हणजे आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र. आजही घरगुती डॅकच्या साध्या आरसीए सॉकेटमधून २ व्होल्टच्या आसपास आणि एक्सएलआर सॉकेटमधून बहुधा ४ व्होल्ट मिळतात. सुईच्या तुलनेत ही पातळी शेकडो पट मोठी आहे.

आता पॉवर ॲम्पचं गणित करून पाहू, कारण प्रीॲम्प घ्यावा की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो. समजा, ॲम्प ८ ओहमला १०० वॉट देणारा आहे. १०० वॉट म्हणजे स्पीकरच्या टोकांशी २८.३ व्होल्ट. ॲम्पचा गेन २६ डेसिबल धरला, तर तो आलेली वीज २० पट करतो. २८.३ भागिले २०, म्हणजे जेमतेम १.४ व्होल्ट. इतक्यावर ॲम्पची ताकद संपते आणि डॅक तर २ व्होल्ट द्यायला तयार आहे. वाढवायचं काहीच उरलं नाही, उलट वीज गरजेपेक्षा जास्त आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून पुरेशा दाबानं पाणी येत असेल तर नळापाशी आणखी पंप बसवायचं कारण नसतं. तिथे हवी असते ती तोटी.

ही जादा ताकद किती आहे हे आकड्यांत पाहिलं की आश्चर्य वाटतं. साधारण स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असते. म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज होतो. फ्लॅटच्या दिवाणखान्यात हा आवाज भरपूर झाला. ८ ओहमला १ वॉट म्हणजे २.८३ व्होल्ट आणि त्यासाठी आपल्या ॲम्पच्या तोंडाशी ०.१४ व्होल्ट पुरतो. डॅकच्या २ व्होल्टपेक्षा हे २३ डेसिबल खाली आहे. रात्री शेजारी झोपल्यावर ऐकायचं तर आणखी १५-२० डेसिबल खाली जावं लागेल. म्हणजे डिजिटल संचात बहुतेक सगळा वेळ आपण सिग्नल कापत असतो. म्हणून प्रीॲम्प हवा का, असं विचारण्याआधी हा काप कुठे घ्यायचा ते विचारावं. त्याचं उत्तर सापडलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आपोआप मिळतं.

काप घेण्याची पहिली जागा म्हणजे डॅकच्या आत, आकड्यांवर. या पद्धतीची बदनामी खूप झाली आहे. ‘डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट गळतात’ हे वाक्य लॅमिंग्टन रोडच्या दुकानातही कानावर पडतं आणि तपकीर गल्लीतही. त्यात तथ्य आहे, पण ते जुन्या यंत्रांपुरतं. दर ६ डेसिबलला एक बिट खर्च होतो. सीडीचं रेकॉर्डिंग १६ बिटांचं, म्हणजे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. यंत्राची वाटच १६ बिटांची असेल आणि आपण आवाज ४० डेसिबल खाली आणला, तर हाती ५६ डेसिबल उरतात. हे नुकसान कानाला कळण्याजोगं आहे. आता वाट २४ बिटांची असते, कित्येक डॅक आतला हिशेब ३२ बिटांत करतात. १६ बिटांचं रेकॉर्डिंग २४ बिटांच्या वाटेवर ठेवलं की खाली ८ बिट मोकळे राहतात. ८ गुणिले ६, म्हणजे ४८ डेसिबल खाली येईपर्यंत मूळ रेकॉर्डिंगचा एकही बिट हरवत नाही.

खरी मर्यादा डॅकच्या आतल्या ॲनालॉग भागाच्या सुसू आवाजाची असते. आकडे कितीही खाली आणले तरी ती तिथेच राहते. ती किती त्रास देईल याचाही हिशेब मांडता येतो. चांगल्या डॅकचा सिग्नल आणि सुसू यांतला फरक ११५ डेसिबल धरू. २ व्होल्टच्या ११५ डेसिबल खाली म्हणजे सुमारे साडेतीन मायक्रोव्होल्ट. ॲम्पनं २० पट केल्यावर स्पीकरपाशी ७० मायक्रोव्होल्टच्या आसपास. आपल्या ८७ डेसिबलच्या स्पीकरमधून १ मीटरवर हा आवाज उणे ५ डेसिबल भरतो. माणसाच्या कानाच्या सीमेच्याही खाली. पंखा चालू असलेल्या खोलीत सुमारे ४० डेसिबल आवाज आधीच असतो, आणि मध्यरात्रीची शांत खोलीसुद्धा २५-३० च्या खाली सहसा जात नाही.

इथे आपल्या संगीताचा विचार करायलाच हवा. ख्यालाच्या विलंबित आलापात तानपुरा अगदी मंद असतो आणि द्रुत तानेला आवाज एकदम उसळतो. तानपुऱ्याच्या झंकारात सुसू मिसळली तर ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण जुन्या मैफलींच्या फिती डिजिटल करून आपण ऐकतो, त्यांत फितीचीच सुसू असते. डॉल्बीसारखी सोय नसलेल्या फितीचा पल्ला साधारण ६० डेसिबलचा. ती सुसू चांगल्या डॅकच्या सुसूपेक्षा शेकडो पट मोठी आहे आणि प्रीॲम्प मधे आला म्हणून ती तिळभरही कमी होत नाही.

हिशेब बिघडतो तो फार संवेदनशील स्पीकरांशी. १०५ डेसिबलचे हॉर्न स्पीकर असतील आणि डॅकचा पल्ला ९५ डेसिबलचाच असेल, तर तीच सुसू १ मीटरवर ३३ डेसिबलपर्यंत चढते. रात्रीच्या खोलीत ती ऐकू येईल. अशा वेळी काप डॅकच्या पुढे, ॲम्पच्या तोंडाशी घ्यावा लागतो, म्हणजे सिग्नलबरोबर सुसूही तितकीच कमी होते. स्वतःच्या घरात हे तपासायला काही खर्च नाही. डॅक आणि ॲम्प चालू ठेवा, गाणं लावू नका आणि ट्वीटरजवळ कान न्या. मग डॅकची वायर ॲम्पपासून काढून पुन्हा ऐका. वायर काढण्याआधी ॲम्प बंद करायला मात्र विसरू नका. दोन्ही वेळी सारखंच ऐकू आलं तर ती सुसू ॲम्पची स्वतःची आहे. खुर्चीत बसल्यावर काहीच ऐकू येत नसेल तर हा मुद्दा तुमच्यापुरता संपला.

दुसरी जागा म्हणजे डॅक आणि ॲम्प यांच्या मधली वायर. एक्सएलआरमधून ४ व्होल्ट येत असतील आणि ॲम्पला दीडच पुरत असेल, तर कायमचा १० डेसिबल काप घेणारे छोटे ॲटेन्युएटर मिळतात. वायरच्या टोकाला बसवले की झालं. बेंचमार्क कंपनीनं आपल्या डॅक-१ मध्ये १०, २० आणि ३० डेसिबलचे काप आतच बसवले होते. पातळी एकदा ठरवून टाकायची आणि रोजचा व्हॉल्यूम डिजिटल ठेवायचा. मला ही रचना फार पटते. अतिरिक्त ताकद मुळापाशी छाटली की डिजिटल व्हॉल्यूमला फार खाली यावं लागत नाही आणि दोन्हींचं काम सोपं होतं.

किंवा मधे नुसती एक कळ ठेवायची. आत एक पोटेन्शियोमीटर, वीज लागत नाही, गेन नाही. याला पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणतात. कल्पना आकर्षक आहे आणि स्वस्तही, फक्त आतल्या पोटेन्शियोमीटरचा आकडा विचारून घ्यावा. अशा कळेचा आउटपुट इम्पीडन्स जास्तीत जास्त त्या आकड्याच्या पाव भाग होतो. १० किलोओहमची कळ असेल तर अडीच किलोओहम, १०० किलोओहमची असेल तर २५. पुढच्या वायरची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते. ५ मीटर वायर लावली तर २५ किलोओहमशी मिळून पावणेतेरा हजार हर्ट्झपासूनच वरचे सूर गळायला लागतात. १० किलोओहमच्या कळेला तीच मर्यादा सव्वा लाख हर्ट्झच्या पलीकडे जाते, काळजीचं कारण नाही. त्यामुळे पॅसिव्ह घेतल्यावर आवाज मंदावला असं कुणी सांगितलं तर वायरीची लांबी आणि कळेचा आकडा आधी विचारावा.

नेल्सन पास या अमेरिकन अभियंत्यानं यावर २००८ मध्ये सुंदर उपाय मांडला. त्याच्या ‘बी-१’ या मंडलात कळेच्या मागेपुढे जेफेट ट्रान्झिस्टरचे बफर आहेत, गेन शून्य. आजच्या यंत्रांत गेन मुळातच जास्त आहे, कमतरता आहे ती वायर आणि ॲम्प यांना सहज पेलणाऱ्या आउटपुटची, हा त्याचा विचार. त्यानं आराखडा खुला केला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बनवला. प्रीॲम्पचा अर्थ डिजिटल काळात काय उरला, हे मला या छोट्या मंडलाइतकं नेमकं कुठे दिसलेलं नाही.

उलट गेन असलेला जुन्या धाटणीचा प्रीॲम्प या साखळीत घातला की काय होतं ते पाहा. त्यानं १२ डेसिबल वाढवले, म्हणजे आता साध्या आवाजाला २३ ऐवजी ३५ डेसिबलचा काप घ्यावा लागतो. आधी वाढवायचं आणि मग वाढवलेलं कापायचं. व्हॉल्यूमची कळ सात आणि नऊ वाजण्याच्या मधेच अडकून राहते. नेमक्या त्याच टप्प्यात साध्या पोटेन्शियोमीटरचे डावे-उजवे भाग सारखे चालत नाहीत, त्यामुळे गायक मधून सरकून एका बाजूला बसल्यासारखा वाटतो. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट, खारट हवेत त्याच कळेत काही वर्षांनी खरखर शिरते. डिजिटल व्हॉल्यूममध्ये दोन्ही बाजू सगळ्या पातळ्यांवर तंतोतंत सारख्या राहतात. या गुणाचं कौतुक फार कमी होतं.

मग प्रीॲम्प घ्यावा तो कुणी? सगळ्यात भक्कम कारण मला सुरक्षिततेचं वाटतं. पॉवर ॲम्पवर कळ नाही आणि सगळा भार डिजिटल व्हॉल्यूमवर आहे, अशा घरात एक दिवस ॲप बदलतं, सॉफ्टवेअर अपडेट होतं, किंवा नातू फोनवर बोट फिरवतो, आणि व्हॉल्यूम शंभर टक्क्यांवर जातो. २ व्होल्ट गुणिले २०, म्हणजे ४० व्होल्टची मागणी. १०० वॉटचा ॲम्प ती पुरवू शकत नाही, लहरीची टोकं छाटली जातात आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो. त्या क्षणी खोलीत तान्हं बाळ किंवा कुणी आजारी माणूस असेल तर ट्वीटरपेक्षा मोठी चिंता आहे. काही स्ट्रीमरमध्ये व्हॉल्यूमची कमाल मर्यादा ठरवता येते. ती पहिल्याच दिवशी ठरवावी. ती सोय नसेल तर ॲटेन्युएटर लावावेत. घरात बरेच हात संचाला लागत असतील तर हाताशी खरीखुरी कळ असलेला प्रीॲम्प घ्यायला मी कुणालाही बिनदिक्कत सांगेन.

डीएसडी प्रकारच्या फाइली ऐकणाऱ्यांनी जास्त जपावं. तो प्रवाह एका बिटाचा असतो, त्यावर साधा डिजिटल व्हॉल्यूम चालत नाही. डीओपी पद्धतीनं, म्हणजे साध्या डिजिटल प्रवाहाच्या वेष्टनात, पाठवताना मधल्या सॉफ्टवेअरनं आवाज कमी करायचा प्रयत्न केला तर ओळखीच्या खुणा पुसल्या जातात आणि संगीताऐवजी नुसता गोंगाट येतो. अशांना डॅकच्या पुढचीच कळ हवी.

नंतरचं कारण यंत्रांच्या संख्येचं. स्ट्रीमर, टीव्ही आणि लॅपटॉप हे तिन्ही एकाच डॅकच्या ऑप्टिकल, यूएसबी आणि कोॲक्सियल सॉकेटमध्ये बसत असतील, तर निवड डॅकच करतो. टीव्हीची मात्र एक गोम आहे. त्याच्या ऑप्टिकल आउटपुटची पातळी कित्येकदा पक्की असते, टीव्हीच्या रिमोटनं ती हलत नाही. डॅकलाही व्हॉल्यूम नसेल तर मधे काहीतरी हवंच. त्यातलं स्वस्त उत्तर म्हणजे व्हॉल्यूम आणि रिमोट असलेला डॅक. तबकड्या ऐकणाऱ्यांना वेगळा फोनो स्टेज लागतो आणि डॅकसोबत त्यालाही एकाच ॲम्पवर आणायचं तर निवड आणि कळ दोन्ही लागतात. तिथे प्रीॲम्प शोभून दिसतो. सबवूफर जोडून खर्ज वाटून द्यायचा असेल, तर तशी सोय असलेला प्रीॲम्प किंवा स्ट्रीमर बघावा.

इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर असलेल्यांना तर हा प्रश्न पडायचंच कारण नाही. त्या डब्यात निवड, कळ आणि पॉवर ॲम्प एकत्रच असतात. डॅक थेट त्याच्या लाइन इनपुटला जोडावा, डॅकचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा आणि ॲम्पची कळ वापरावी. त्याच्याआधी आणखी एक प्रीॲम्प लावून ‘सुधारणा’ करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून सिग्नलला एक जादा कळ, एक जादा गेन आणि अर्थिंगचा घूं आवाज शिरायला एक जादा वाट मिळते. ॲक्टिव्ह स्पीकर घेणाऱ्यांनीही आधी स्पीकरच्या पाठीवरची संवेदनशीलतेची कळ पाहावी. ती खाली आणली की डॅक सरळ जोडता येतो. दोन्ही बाबतींत वाचलेले पैसे पडदे, जाड गालिचा आणि चांगले स्पीकर यांवर घालवले तर फरक कुणालाही सांगावा लागणार नाही.

तरीही काही जाणकार शपथेवर सांगतात की प्रीॲम्प लावल्यावर गाणं जिवंत झालं. त्यांचं खोटं ठरवायची मला घाई नाही, पण तुलना नीट झाली का हे विचारायला हवं. प्रीॲम्पचा गेन अर्ध्या डेसिबलनंही जास्त असेल तर कान त्याला मोठा आवाज म्हणत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणतो. म्हणून दोन्ही जोडण्यांची पातळी आधी सारखी करावी. त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्टेज मोजायला घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी बनवलेले असतात, वरच्या कंपनांना ते चुकतात. तेव्हा ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावावा आणि स्पीकरच्या टोकांशी दोन्ही वेळा १ व्होल्ट आणावा. १.०० आणि १.०१ व्होल्टमध्ये ०.१ डेसिबलहून कमी फरक असतो, इतकं जुळलं तर पुरे. मग कुठली जोडणी चालू आहे हे न सांगता घरातल्या कुणाला तरी बदलायला सांगावं आणि ओळखीची बंदिश ऐकावी.

एवढं करूनही व्हॉल्व्हचा प्रीॲम्प आवडला, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. व्हॉल्व्हची मंडलं बहुधा दुसऱ्या हार्मोनिकचा थोडा अंश मिसळतात, तो काही कानांना गोड लागतो आणि डॅक तो मुद्दाम देत नाही. फक्त विकत घेताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स तुमच्या ॲम्पच्या इनपुट इम्पीडन्सच्या दहाव्या भागापेक्षा कमी आहे ना ते पाहावं आणि आउटपुटला किती मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ते विचारावं. १० किलोओहम इनपुटच्या ॲम्पला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६ हर्ट्झपर्यंत साथ देतो. अर्ध्याहून थोडा कमी, ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर ३४ हर्ट्झलाच ३ डेसिबल गेलेले असतात आणि त्याच्या खालचा खर्ज आणखी वेगानं उतरत जातो. ५० किलोओहम इनपुटच्या ॲम्पला मात्र तोच कपॅसिटर ७ हर्ट्झपर्यंत पुरतो.